त्रिज्या की व्यास? डायलवर लिहा की राव!

बरेच दिवस एक विषय डोक्यात घोळतोय. लेथ मशीनच्या डायलचा. एवढं वाचूनच आमच्या नात्यातली निम्मी मंडळी पान बंद करायच्या बेतात असतील, आणि उरलेले सॉफ्टवेअरवाले मित्र म्हणतील, "काका आज पुन्हा कारखान्यात शिरले." पण जरा थांबा. विषय लोखंडाचा दिसत असला तरी प्रश्न माणसांचा आहे, आणि तो कळायला इंजिनिअर असायची गरज नाही. ऊस सोलता येत असला की पुरे.

उसाचं कांडं हातात घ्या आणि कोयत्यानं साल काढा. साल दोन मिलिमीटर जाडीची निघाली असं समजू. कांडं फिरवत फिरवत सगळीकडून तेवढीच साल काढली, तर कांडं किती बारीक झालं? दोन मिलिमीटर नव्हे, चार. कारण इकडूनही दोन गेले आणि समोरच्या बाजूनंही दोन गेले. कोयता आत गेला दोन, जाडी कमी झाली चार.

लेथवर हेच होतं. लोखंडाचा गोल तुकडा (आमच्या भाषेत जॉब) चकमध्ये पकडून फिरतो आणि टूल बाजूनं आत सरकतं. ते सरकवायला क्रॉस स्लाइडचं हॅंडल असतं, आणि हॅंडलच्या मागे रेघा आखलेली गोल डायल असते. हॅंडल फिरवलं की डायल फिरते आणि टर्नर रेघा मोजून ठरवतो, की टूल किती आत घालायचं.

आता खरी मेख. त्या डायलवर एक रेघ म्हणजे समजा ०.०५ मिलिमीटर. पण कशाचे ०.०५? टूल तेवढं आत गेलं, की जॉबचा व्यास तेवढा कमी झाला? काही मशीनवर पहिला अर्थ असतो. त्याला आम्ही त्रिज्येची डायल म्हणू. काहींवर दुसरा असतो, ती व्यासाची डायल. दोन्ही प्रकार जगभर आहेत, दोन्ही बरोबर आहेत, आणि बहुतेक वेळा डायलवर कुठला आहे हे लिहिलेलंच नसतं. लिहिलेलं असलं तरी तेल, चीप आणि पंचवीस वर्षांच्या हातांनी ते पुसून गेलेलं असतं.

मी राहतो मोशीत. ज्यांनी मोशी फक्त पुणे-नाशिक रस्त्यावरून जाताना पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो. इंद्रायणीच्या काठचं हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. एका बाजूला भोसरीची एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला नदी ओलांडून वर गेलं की चाकण. चाकणला मोठ्या कंपन्या आल्या, फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला, आणि त्यांचे रोबो, त्यांच्या लायनी आपण टीव्हीवर पाहिल्या. पण त्या लायनींना लागणारे फिक्श्चर, पिना, बुश, दुरुस्तीचे शाफ्ट, तातडीनं हवा असलेला एखादाच नग, हे सगळं आजही भोसरी-चिखली-मोशी पट्ट्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये हातानं चालणाऱ्या लेथवर होतं. संध्याकाळी फिरायला निघालं तरी कुठल्या तरी शेडमधून कटिंग ऑइलचा वास येतोच.

या शेडमधली मशीनं म्हणजे एक संग्रहालयच असतं. कुठे बंगळूरच्या एचएमटीचं लेथ असतं. (ही सरकारी कंपनी १९५३ साली स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉनच्या सहकार्यानं सुरू झाली.) कुठे हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचं. १९४१ साली सुरू झालेली ती कंपनी बंद पडून कितीतरी वर्षं झाली, पण तिची लेथं अजून चालतात. बाकीची राजकोट आणि बटाल्याची. एखाद्या मालकानं परदेशातलं जुनं मशीन लिलावात घेतलेलं असतं, त्यावर अजून इंचाच्या रेघा. आपल्याकडे नवे पैसे आले १९५७ साली आणि वजनमापं त्याच्या मागोमाग दशमान झाली, पण आमचे फॅब्रिकेशनवाले अजून "तीन सूत" म्हणतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कायदा बदलतो तेवढ्या वेगानं हात बदलत नाहीत.

अशा शेडमध्ये चार लेथं शेजारी शेजारी उभी असली, तर दोन त्रिज्येची आणि दोन व्यासाची असणं अगदी शक्य आहे. कंपनीच्या नावावरून छातीठोक सांगता येत नाही. मशीन तीस वर्षांत दोनदा तरी उघडलं जातं. स्क्रू आणि नट झिजले म्हणून बदलले जातात, फुटलेली डायल इथेच कुणाकडून तरी बनवून बसवली जाते. बनवणाऱ्याला जे सोयीचं वाटलं ते त्यानं आखलं.

तुम्ही म्हणाल, मग एवढं काय बिघडतं? हिशोबच करून बघू.

जॉब आहे ४०.६० व्यासाचा. करायचा आहे ४०.००. म्हणजे व्यासातून ०.६० काढायचे. डायल व्यासाची असेल तर ०.६० फिरवा, जॉब बरोबर ४०.०० येईल. डायल त्रिज्येची असेल तर ०.३० फिरवायला हवं. कुणी ती व्यासाची समजून ०.६० फिरवलं, तर दोन्ही बाजूंनी ०.६० गेलं आणि जॉब आला ३९.४०. संपलं. लोखंड परत चिकटवता येत नाही.

उलटी गल्लत झाली तर? डायल व्यासाची आहे आणि टर्नरनं ती त्रिज्येची समजून ०.३० फिरवलं. जॉब आला ४०.३०. पुन्हा मोजा, पुन्हा कट मारा, पाच मिनिटं गेली, जॉब वाचला. आतून भोक मोठं करतानाही, म्हणजे बोअरिंगलाही, हेच: त्रिज्येच्या डायलला व्यासाची समजलात तर भोक मोठं होऊन बसतं, उलट समजलात तर लहान राहतं आणि वाचतं.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दोन गल्लती दिसायला जुळ्या बहिणी, पण एकीची किंमत पाच मिनिटं आणि दुसरीची किंमत अख्खा जॉब. म्हणून नव्या मुलांना मी एकच सांगतो: शंका असेल तर अर्धं फिरवा. अर्धं फिरवून कुणाचं नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही.

आता दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकून घेऊ, कारण आमच्या धंद्यात यावर तावातावानं बोलणारे खूप आहेत.

व्यासवाल्यांचं म्हणणं सरळ आहे. ड्रॉइंगवर व्यास लिहिलेला असतो. मायक्रोमीटर व्यास मोजतो. टर्नर बोलतानासुद्धा "पंचवीस फाय, चाळीस फाय" असंच बोलतो, आणि फाय म्हणजे व्यास. मग मधल्या एकट्या डायलनंच त्रिज्येची भाषा का बोलावी? दिवसातून शंभर वेळा मनातल्या मनात निम्मं करायला लावायचं, आणि शंभरातल्या एका वेळी, जेवणाच्या सुट्टीनंतर, झापड येत असताना, माणूस निम्मं करायला विसरला की त्याला दोष द्यायचा. हे काही शहाणपणाचं नाही.

त्रिज्यावाल्यांचं म्हणणंही पोकळ नाही. स्क्रू एक फेरा फिरला की स्लाइड पिचइतकी सरकते. समजा पिच पाच मिलिमीटर, तर स्लाइड पाच मिलिमीटरच सरकते, दहा नाही. जे खरोखर घडतं ते डायलनं सांगावं. टूलवर किती भार येतो ते कट किती खोल यावर ठरतं, व्यासावर नाही. खाच पाडताना खोली हवी असते. आटे पाडताना तक्त्यात आट्याची खोली दिलेली असते: दीड मिलिमीटर पिचच्या बाहेरच्या मेट्रिक आट्याची खोली सुमारे ०.९२. व्यासाच्या डायलवर हे काम करायचं तर ते दुप्पट करून १.८४ फिरवावं लागतं. म्हणजे व्यासाची डायल घेतली की हिशोबातून सुटका झाली असं नाही. तिथे निम्मं करायचं नसतं, पण कधीतरी दुप्पट करावं लागतं.

आणखी गंमत म्हणजे एकाच लेथवर दोन डायल असतात. क्रॉस स्लाइडची एक आणि तिच्यावर बसलेल्या कंपाउंड स्लाइडची दुसरी. कंपाउंड फिरवून लांबीच्या दिशेनंही वापरतात, म्हणून तिची डायल सहसा सरळ जेवढं सरकलं तेवढंच दाखवते. क्रॉस स्लाइडची डायल व्यासाची असली, तर एकाच मशीनवर, एका वितीच्या अंतरावर, सारख्या दिसणाऱ्या दोन डायल दोन भाषा बोलत असतात!

माझा कल विचाराल तर रोजच्या टर्निंगच्या शेडमध्ये क्रॉस स्लाइडची डायल व्यासाची असावी. पण याच्यासाठी मी भांडणार नाही. भांडणार आहे ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

जरा घरात या. बायकांच्या बांगड्यांचं माप "दोन सहा", "दोन आठ" असं असतं. दोन सहा म्हणजे दोन इंच आणि इंचाचे सहा सोळांश, हा बांगडीचा आतला व्यास. (आमच्या ताईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "इतकी वर्षं बांगड्या भरतेय, कधी विचारलंसुद्धा नाही.") कासाराच्या दुकानात कुठेही "हा व्यास आहे" असं लिहिलेलं नसतं. तरी कुणाची बांगडी चुकत नाही. का? कारण दुसरी पद्धतच नाही. त्रिज्येत बांगडी विकणारा कासार मला अजून भेटायचा आहे. :-)

आता जुनी रिक्षा आठवा. इलेक्ट्रॉनिक मीटर येण्याआधीचा तो कटकट वाजणारा मीटर. त्यावरचा आकडा म्हणजे भाडं नसायचंच. भाडं वाढत गेलं, पण मीटर तोच राहिला, म्हणून मीटरचा आकडा कार्डावर बघून खरं भाडं काढावं लागायचं. मीटर खोटा नव्हता. फक्त त्याच्या आकड्याला कार्डाशिवाय अर्थ नव्हता. म्हणून रिक्षावाल्यानं कार्ड जवळ ठेवलंच पाहिजे असा नियम होता, आणि प्रवाशाला ते मागायचा हक्क होता. कार्ड न दाखवता पैसे मागितले तर आपण भांडायचो की नाही? पुणेकर असाल तर नक्कीच भांडला असाल.

मला सांगायचंय ते एवढंच. संकेत एकच असेल तर तो न लिहिता चालतो. दोन असतील, तर तो लिहावाच लागतो. बांगडीचं माप न लिहिता चालतं. रिक्षाच्या मीटरला कार्ड लागतं. लेथची डायल ही रिक्षाच्या मीटरसारखी आहे, आणि आपण ती बांगडीसारखी वापरतोय.

आणि न लिहिण्याची किंमत कोण भरतो?

मी बरीच वर्षं तपासणीत काढली, त्यामुळे रिजेक्ट झालेल्या जॉबचा ढीग हा माझ्या रोजच्या नजरेतला. एका शेडमधली गोष्ट सांगतो, नाव-गाव नको. मराठवाड्यातून आलेला एक मुलगा, आयटीआयचा टर्नर ट्रेड केलेला, सहा महिने एका लेथवर चांगलं काम करत होता. शेजारच्या मशीनचा माणूस गावी गेला आणि याला त्या मशीनवर उभं केलं. शाफ्ट होता, बेअरिंग बसायची जागा चाळीसची. मुलानं मायक्रोमीटर नीट लावला, ४०.६० वाचला, वजाबाकी बरोबर केली आणि ०.६० फिरवलं. त्याचं आधीचं मशीन व्यासाचं होतं. हे त्रिज्येचं निघालं. शाफ्ट माझ्या टेबलावर आला तेव्हा ३९.४० होता, आणि मुलाचा चेहरा शाफ्टपेक्षा पांढरा.

त्या शाफ्टवर आधीच्या सगळ्या ऑपरेशनचा खर्च झालेला होता. मालकानं अठराशे रुपये दोन पगारांत कापायचे ठरवले. मालक माणूस वाईट नव्हता. दिवाळीला सगळ्यांना मिठाई द्यायचा, कुणाच्या घरी आजारपण असलं तर उचल द्यायचा. मी त्याच्याशी बोललो तेव्हा त्याचं म्हणणं होतं, "साहेब, विचारायला काय झालं होतं त्याला? तोंड नव्हतं?"

वरवर पाहिलं तर मुद्दा बरोबर वाटतो. पण जरा विचार करा. प्रश्न विचारायला आधी प्रश्न आहे हे माहीत असावं लागतं. त्या मुलानं आयुष्यात एकाच लेथवर काम केलं होतं. त्याच्यासाठी डायल म्हणजे डायल. तिचे दोन प्रकार असतात ही माहिती त्या शेडमध्ये तीन माणसांच्या डोक्यात होती, त्यातला एक गावी गेला होता, एक मालक आणि एक मी. माहिती भिंतीवर नाही, मशीनवर नाही, माणसांच्या डोक्यात. आणि डोकी सुट्टीवर जातात.

शिवाय नव्या मुलानं विचारलं तर काय होतं तेही मी पाहिलंय. "आयटीआयला काय गोट्या खेळत होतास का?" असं एकदा ऐकलेला मुलगा पुन्हा विचारत नाही. मग आपणच म्हणायचं, तोंड नव्हतं का.

पैसे कापले गेले ते गेलेच. दुसऱ्या दिवशी मी ऑइल पेंटची बारीक ब्रश घेऊन चारही मशीनवर काय ते लिहून टाकलं. खर्च शून्य, कारण रंग ड्रम रंगवताना उरलेला होता.

कायद्याच्या नजरेतून बघितलं तरी हे पाहण्यासारखं आहे. पगारातून नुकसानभरपाई कापण्याबद्दल १९३६ चा वेतन अदायगी कायदा होता आणि आता त्याच्या जागी २०१९ ची वेतन संहिता आहे, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. दोन्हींत तत्त्व एकच: नुकसान थेट कामगाराच्या हयगयीमुळे किंवा कसुरीमुळे झालेलं असलं पाहिजे, नुकसानीपेक्षा जास्त रक्कम कापता येत नाही, आणि कापण्याआधी त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी. आता मला सांगा, ज्या डायलचे दोन अर्थ होतात आणि कुठला घ्यायचा ते कुठेच लिहिलेलं नाही, ती डायल एका अर्थानं वाचली तर ती हयगय कुणाची? वाचणाऱ्याची, की न लिहिणाऱ्याची? मी वकील नाही. पण माझ्या टेबलावर हा प्रश्न आला तर मी पहिला लाल शेरा डायलवर मारीन, मुलावर नाही.

इथे जुने टर्नर एक मुद्दा काढतात आणि तो मला मान्यच आहे. ते म्हणतात, चांगला टर्नर डायलवर विसंबून एका दमात शेवटचा कट मारत नाही. तो थोडं मटेरियल ठेवतो, हलका कट मारतो, मोजतो, आणि मग शेवटचं घेतो. असं काम केलं तर डायल कुठलीही असो, पहिल्याच कटला ती उघडी पडते. अगदी खरं! आणि हे शिकवलंच पाहिजे. पण कौशल्य आणि पाटी यांचं वैर नाही. घाटातला ड्रायव्हर कितीही तरबेज असला तरी "पुढे तीव्र वळण" ही पाटी आपण काढून टाकत नाही. पाटी असते ती आज पहिल्यांदा त्या घाटात आलेल्यासाठी.

आणि तरुण मंडळी म्हणतात, "काका, आता सगळं सीएनसी झालं. डायल बघतंय कोण?" बघत नाही हे खरं. पण प्रश्न गेला कुठे? तो आत जाऊन बसलाय.

सीएनसी लेथवर एक्सची मापं सहसा व्यासात लिहितात. पण ती व्यासात घ्यायची की त्रिज्येत हे फॅनुकच्या कंट्रोलमध्ये पॅरामीटर १००६ मधला एक बिट ठरवतो. सीमेन्सच्या कंट्रोलवर 'डायमॉन' म्हटलं की व्यास, 'डायमॉफ' म्हटलं की त्रिज्या. आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे फॅनुकचा जी-७१, रफिंगचा कोड. तो दोन ओळींत लिहितात. पहिल्या ओळीतला 'यू' म्हणजे एका कटची खोली, ती त्रिज्येत. दुसऱ्या ओळीतला 'यू' म्हणजे फिनिशिंगसाठी ठेवायचं मटेरियल, आणि मशीन व्यासावर लावलेलं असेल तर ते व्यासात. अक्षर तेच, कोड तोच, ओळी एकाखाली एक, आणि अर्थ दोन! आमच्या पिढीच्या हॅंडलवर जो घोळ होता तोच तुमच्या स्क्रीनवर आलाय, फक्त तेलाचा वास गेलाय. जुन्या लेथवर बसवतात त्या डिजिटल रीडआउटलाही त्रिज्या-व्यास बदलायची सोय असते. दुपारच्या पाळीवाल्यानं ते बदललं आणि रात्रपाळीवाल्यानं वरचं बारीक चिन्ह पाहिलं नाही, की झालं.

खरं तर "निम्म्याचा" हा खेळ लेथवर पावलोपावली आहे. चार जबड्यांच्या चकमध्ये जॉब मध्यावर आणताना डायल गेजची सुई ०.४० हलली तर जॉब ०.२० सरकवायचा. टेलस्टॉक सरकवून टेपर करायचा तर, टेपर जॉबच्या अख्ख्या लांबीवर असेल तेव्हा, दोन व्यासांच्या फरकाच्या निम्मं सरकवायचं. कंपाउंड फिरवायची तर टेपरच्या पूर्ण कोनाच्या निम्म्यावर. एक बाय पंचेचाळीसचा चॅम्फर मारला की टोकाचा व्यास दोननं कमी होतो. गोल वस्तूचं असंच असतं, तिला समोरची बाजूही असते. म्हणून हे निम्मं-दुप्पट मुलांच्या अंगात भिनायला हवं, आणि ते भिनेपर्यंत मशीननं त्यांना मदत करायला हवी.

आता करायचं काय, ते सांगतो. कुठल्याही शेडमध्ये एका चहाच्या वेळेत होईल.

मॅग्नेटिक स्टॅंडवर डायल गेज लावा आणि टोक क्रॉस स्लाइडला टेकवा. हॅंडलचा प्ले एका दिशेनं काढून घ्या. मग मशीनच्या डायलवर एक मिलिमीटर फिरवा. गेजनं एक दाखवलं तर डायल त्रिज्येची. अर्धा दाखवला तर व्यासाची. गेज नसेल तर एक भंगारातला तुकडा चकमध्ये धरा, हलका कट मारून मोजा, डायलवर ०.५० पुढे जा, कट मारा, पुन्हा मोजा. व्यास ०.५० नं उतरला तर व्यासाची, १.०० नं उतरला तर त्रिज्येची. कंपाउंडच्या डायलचंही तेवढंच बघून घ्या.

मग ते मशीनवर लिहा. पेननं नको, पुसतं. पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीवर पंच करा आणि दोन रिव्हेट मारा. शब्द कुठल्या भाषेत, हा प्रश्न येईल, कारण आता आमच्या शेडमध्ये बीडचा मुलगा असतो तसा बिहारचा आणि ओडिशाचाही असतो. म्हणून मी चित्र सुचवतो. एक वर्तुळ, त्यात या कडेपासून त्या कडेपर्यंत आरपार रेघ: व्यास. एक वर्तुळ, त्यात मध्यापासून कडेपर्यंत अर्धीच रेघ: त्रिज्या. खाली "एक रेघ = ०.०५" असं जे असेल ते. हे वाचायला कुठलीच भाषा लागत नाही.

आणि नवा माणूस मशीनवर उभा राहिला की पहिलं काम जॉब नाही, ही तपासणी. त्याच्याकडूनच करून घ्या. स्वतःच्या हातानं गेजची सुई अर्ध्यावर थांबलेली एकदा पाहिली की तो ते आयुष्यभर विसरत नाही, आणि "डायलचे दोन प्रकार असतात" हे त्याला कुणी ओरडून सांगावं लागत नाही.

मालक मंडळींना हात जोडून एक विनंती. जोपर्यंत मशीनवर ही पट्टी नाही, तोपर्यंत त्या मशीनवर दुप्पट कापलेल्या जॉबचे पैसे कुणाच्या पगारातून कापू नका. पट्टी लावून झाल्यावर पुन्हा तीच गल्लत झाली तर मग बसून बोलू, आणि तेव्हाही आधी मुलाचं ऐकून घेऊ.

ताई, तुझ्या धाकट्या पुतण्यानं आयटीआयला टर्नर घेतलंय ना? त्याला हे वाचायला दे. आणि पहिल्या नोकरीवर जाताना सांग, की पहिल्या दिवशी न लाजता विचार, "ही डायल कशाची आहे?" कुणी हसलंच तर हसू दे. उत्तर मिळालं नाही तर अर्धं फिरव म्हणावं.